माझा उजवा पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. रंग विटला, एक चेन अडते, पण माझ्या उजव्या पट्ट्याकडे जरा आदराने बघा. तसला पट्टा तुम्हाला कुठल्या दुकानात मिळायचा नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या बायका बिचाऱ्या घाईघाईत शिवत, कारण पुढचा गठ्ठा शेजारी तयारच असे. मला विकत घेतलं ते एका ताईने. तिला फिरण्याचं भारी वेड. तिची आई घरी शाळेचे गणवेश शिवायची आणि लेकीला 'भटकभवानी' म्हणायची. त्यात राग कमी आणि कौतुक जास्त असायचं.

पण एकदा ताईने असा देश निवडला, की त्याचं नाव काढताच शेजारच्या काकूंनी कानांवर हात ठेवले. "अगं, तिथले लोक इतके चोर, की अंगावरचे कपडेसुद्धा ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. काकू स्वतः कधी तिकडे गेल्या नव्हत्या. आई मात्र घाबरली. "गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस," तिने बजावलं. ताई गेली, आणि आईने खरोखरच अबोला धरला. निरोप द्यायला ती दारातही आली नाही. ताई वरवर हसत होती, पण माझा पट्टा तिने घट्ट आवळला होता. मला फार वाईट वाटलं.

त्या देशात आम्ही भरपूर भटकलो. ओझ्याने माझा उजवा पट्टा उसवत चालला होता, तरी ताईच्या ते लक्षात आलं नाही. ती माझ्या चेनला कुलूप लावण्यातच गुंतलेली. काकूंचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं ना!

डोंगराखालच्या एका बसस्टँडवर मला टपावर चढवायचं होतं. त्या स्टँडचा एक नियम होता. फाटकं सामान वर चढवायचं नाही, कारण घाटात एक पट्टा तुटला की सगळं सामान सैल होतं. ड्रायव्हरने माझा पट्टा पाहिला आणि मला उचलून कोपऱ्यावर ताडपत्र्या शिवणाऱ्या आजोबांपुढे ठेवलं. ताई तेव्हा तोंड धुवायला गेली होती.

ती परत आली. मी टपावर नाही, खालीही नाही.

"माझी सॅक कुठंय? चोरलीत ना?" तिचा आवाज मला कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

ड्रायव्हरला तिची भाषा येत नव्हती. त्याने हवेत टाके घालून दाखवले. ताईला वाटलं, तो 'गेली, विसरा आता' म्हणतोय. ती रडायलाच लागली. माझ्या खांद्यात दाभण घुसलं होतं. मी ओरडून सांगितलं असतं, पण सॅकला तोंड असलं तरी जीभ नसते.

उतारू एकेक करून खाली उतरले. त्यांच्यातल्या एका शिक्षिकेला ताईची भाषा थोडी येत होती. तिने ताईचा हात धरून तिला माझ्यापाशी आणलं. "रडता कशाला? बस तुमच्यासाठीच थांबलीय. पट्टा झाला की निघू."

ताईची मान खाली गेली. आजोबांनी गाठ मारली, दोन्ही हातांनी पट्टा ओढून पाहिला आणि मला स्वतः तिच्या पाठीवर चढवलं. त्या दिवशी मी घाटात बसच्या टपावर ताठ बसून होते!

आम्ही घरी आलो. आई गप्पच. तिने ताट वाढलं, पाणी ठेवलं, पण शब्द नाही. मग मला धुवायला घेतलं, आणि तिचा हात पट्ट्यावर थांबला. तिने पट्टा उलटा केला. आतले टाकेही एका ओळीत, दोऱ्याचं टोक आत दडपलेलं. गणवेश शिवणाऱ्या बाईला याचा अर्थ लगेच कळला.

"हे कुणी शिवलं गं?" आईने विचारलं.

ताई सांगत गेली आणि आई ओल्या हातांनी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "दिसत नाही तिथंसुद्धा इतकं नीट शिवणारा माणूस वाईट कसा असेल?" दुसऱ्या दिवशी हेच तिने काकूंनाही सुनावलं. तेव्हा मी दोरीवर वाळत होते. माझा ऊर अभिमानाने भरून आला.

मित्रांनो, जुनं सामान टाकायची घाई करू नका. जरा उसवलं तर शिवून घ्या. आणि न पाहिलेल्या गावाला तर मुळीच नावं ठेवू नका.

आता ताई पुन्हा त्याच देशाला निघाली आहे. तिला नवी सॅक घ्यायची होती. आईने मला खुंटीवरून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"हीच ने," ती म्हणाली. "ते आजोबा भेटले तर दाखव. आमच्या आईने विचारलंय म्हणावं, आतला टाका कसा घालता?"