दुसरी ओळ

गणिताच्या या प्राध्यापकांना पाठीमागे सगळे 'भिंग' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या समितीत एक तरी संशयी माणूस हवाच, नाहीतर लोक डोळ्यांत धूळ फेकायला टपलेलेच असतात, असं त्यांचं म्हणणं.

आजचं महाविद्यालय त्यांना पहिल्या पायरीपासूनच खटकलं. रंगाचा वास ताजा. पडद्यांवर दुकानातल्या घड्या तशाच. ग्रंथालयात पुस्तकं भरपूर, पण एकाचंही पान मळलेलं नाही. व्हरांड्यात भेटलेल्या प्रत्येक मुलाने "इथे आमचा सर्वांगीण विकास होतो" हे एकच वाक्य एकाच चालीत ऐकवलं. प्राचार्य तर इतकं गोड बोलत होते की भिंगसरांनी नकळत खिसा चाचपून पाहिला.

"पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतातच की," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "निकाल, शोधनिबंध, संगणक, जे मोजता येतं ते मोजायचं. गुणवत्ता म्हणजे काय यावर वाद घालत बसलो तर इथेच मुक्काम ठोकावा लागेल."

"आपल्यापुढे मांडून ठेवलेलंच आपण मोजतो," भिंगसर पुटपुटले.

इथल्या गणित विभागाचं भवितव्य टांगणीला लागलं होतं. खालची श्रेणी मिळाली तर विभाग बंद, एकुलत्या एका शिक्षिकेची नोकरी जाणार आणि मुलं वाऱ्यावर. म्हणजे ही मंडळी काहीही करतील, अशी भिंगसरांनी मनाशी खूणगाठ बांधली. अध्यक्षबाई संगणक मोजायला गेल्या आणि ते एकटेच गणिताच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

शिक्षिका फळ्यावर उदाहरण सोडवत होत्या. मध्येच एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे पटत नाही."

"का गं?" त्यांनी खडू खाली ठेवला. मग आणखी दोघं मध्ये पडली आणि चांगलीच जुंपली. शेवटी शिक्षिका म्हणाल्या, "मला आत्ता सुचत नाहीये. उद्या परत बघू."

भिंगसर गालातल्या गालात हसले. काय सुरेख बसवलंय! शिक्षिका हरतात काय, मुलं वरचढ ठरतात काय. तालीम कालच झालेली असणार.

ते उठले. "मी एक सिद्धता लिहू का? चूक दिसली तर सांगा."

सिद्धता त्यांना तोंडपाठ होती, हात आपोआप चालला. फक्त पाचव्या ओळीत त्यांनी मुद्दाम वजाचं अधिक केलं. पढवलेल्या पोपटांना हे कुठून दिसणार?

"सर, दुसरी ओळ," तीच मुलगी म्हणाली.

सापडले! चूक पाचवीत आणि बोट दुसरीवर. "काय झालं दुसरीला?"

"तुम्ही दोन्ही बाजूंना या पदाने भागलंत. ते शून्य असलं तर?"

"असणारच नाही."

"का नाही?"

भिंगसर फळ्याकडे वळून ती ओळ पुन्हा वाचू लागले. शिक्षिकाही कपाळाला आठ्या घालून फळ्याकडे बघत होत्या. मुलीने पुढे येऊन दोन साध्या संख्या घालून दाखवल्या. पद शून्य झालं आणि खालची सगळी सिद्धता कोसळली.

"पाचवीतलं चिन्हही चुकलंय, सर," खिडकीजवळचा मुलगा म्हणाला. "पण ते तुम्ही मुद्दाम केलंत ना, आम्हाला तपासायला?" त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. भिंगसरांना तेच जास्त लागलं.

डोक्यावरचे केस काळे होते तेव्हापासून ते ही दुसरी ओळ आपल्या वर्गात लिहीत आले होते. मुलं ती उतरवून घेत, पाठ करत, परीक्षेत तशीच लिहीत आणि ते पूर्ण गुण देत. आजवर कुणालाच ती खटकली नव्हती.

बाहेर अध्यक्षबाई पेन उघडून उभ्या होत्या. "शोधनिबंध नाहीत, संगणक बंद. खालची श्रेणी, नाही का?"

"वरची द्या."

"तुम्ही म्हणताय हे? कारण काय लिहू?"

भिंगसरांना शरम वाटली, चारचौघांत वाटते तशी. "लिहा, की माझं गणित चुकलं आणि ते मुलांनी पकडलं."

"काहीतरीच काय! तुमच्या महाविद्यालयाच्या तपासणीला आले तेव्हा तुमच्या विभागाला तर मी स्वतः सगळ्यात वरची श्रेणी दिली होती."

"त्या दिवशी आमचा वर्ग किती शांत होता, आठवतंय?" भिंगसर म्हणाले. "तुम्ही त्या शांततेचेही गुण दिले होते."