उजवी ओळ

तपासणीवाल्या बाईने हात पुढे केला, पंजा जरा खाली झुकवला आणि ती ठिपकीच्या दिशेने एकेक पाऊल टाकत निघाली. नव्या गमबुटांचा ओल्या फरशीवर करकर आवाज होत होता. गव्हाणीपाशी उभ्या असलेल्या ठिपकीने मान वर केली, चघळणं थांबवून बाईकडे पाहिलं, आणि हात नाकापाशी आल्यावर तो एकदा हुंगून खरखरीत जिभेने मनगटापर्यंत चाटून काढला. बाईने पाटीवरच्या कागदावर खूण केली.

"झालं?" ताईने विचारलं.

"एक झाली. बाकीच्या आहेत अजून."

"म्हणजे सगळ्या गाईंशी असा शेकहँड करणार तुम्ही?"

बाई हसली. वयाने लहानच होती, ताईला मुलगी असती तर एवढीच असती. "या वर्षीपासून नवीन आहे ताई. माणूस किती जवळ आलेला गाईला चालतो, ते बघायचं. तिला माणसाची भीती वाटते का, हे तिच्याकडूनच कळतं."

ताईने पदर खोचला. आत्तापर्यंतचं तिने सगळं ऐकून घेतलं होतं. फरशी घसरती नको म्हणाले, तिने रेघा पाडून घेतल्या. औषध चालू असलेल्या गाईचं दूध वेगळं काढा म्हणाले, तिने त्या गाईच्या पायाला लाल पट्टा बांधायला सुरुवात केली आणि ते दूध डोळ्यांदेखत मोरीत ओतलं. पण आता गाईकडून चारित्र्याचा दाखला आणायचा, हे अतीच झालं. ज्यांनी जन्मात कधी शेणात पाय घातला नाही त्यांनी कचेरीत बसून असली थेरं काढावीत आणि राबणाऱ्यांनी ती निमूट सोसावीत, हा कुठला न्याय?

तरी ती गप्प राहिली, कारण गाईंना नीट सांभाळल्याचा शिक्का टिकायला हवा होता. शिक्का नव्हता तेव्हा दूधवाला व्यापारी फाटकात उभा राहून मनाला येईल तो भाव सांगायचा. दूध पातळ आहे, वास येतोय, आज गिऱ्हाईक नाही, अशी रोज एक नवी खोड काढायचा. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी गत. बाटलीवर तो छोटा हिरवा शिक्का आला आणि बाजारातल्या मोठ्या दुकानाने वर्षभराचा भाव ठरवून सगळं दूध घ्यायला सुरुवात केली. व्यापाऱ्याचं तोंड परत पाहावं लागलं नाही.

आणि शिक्क्याची दुसरीही एक गोष्ट होती, जी ताईने कुणाला सांगितली नव्हती. एकदा त्याच दुकानात ती साबण घ्यायला गेली होती. पुढे एक तरुण बाई होती, कडेवर तान्हं. तिने दुधाची एक बाटली उचलली, फिरवून पाहिली, परत ठेवली. दुसरी उचलली, शिक्का दिसला, आणि पुढचं काही न वाचता तिने ती पिशवीत टाकली. मागे उभ्या असलेल्या ताईला एकदम भरून आलं. हिने मला पाहिलेलं नाही, माझा गोठा पाहिलेला नाही, आणि लेकराच्या तोंडात माझं दूध घालायला निघाली. त्या दिवशी ताई साबण न घेताच घरी आली होती.

डावी ओळ संपली. तिथल्या सगळ्या गाईंनी बाईला नाकाला हात लावू दिला. एका वासरीने तर तिच्या अंगरख्याचं टोक चघळायला घेतलं. बाई मधली वाट ओलांडून उजव्या ओळीकडे वळली.

पहिलीच गाय दोन हातांवरून मागे सरकली. दुसरीने मान अशी फिरवली की शिंग दांडीवर आपटलं. बाई प्रत्येक वेळी थांबली, खूण केली, पुढे गेली. शेवटी म्हातारी उभी होती. गोठ्यातली सगळ्यात थोरली, कशालाही न हलणारी. बाईने हात पुढे केला आणि तीन पावलं टाकली. म्हातारी मागे सरत गेली ती साखळी ताठ होईपर्यंत. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता.

"नवं माणूस बघितलं की बिचकतात," ताई म्हणाली.

"डावीकडच्यांनाही मी नवीनच होते ताई."

"ही रस्त्याकडची बाजू आहे. गाड्या जातात, भोंगे वाजतात."

बाईने मान हलवली. मग जरा थांबून विचारलं, "या ओळीचं दूध कोण काढतं?"

ताईचा पारा चढला. "माझा भाऊ. आणि पुढचं तोंडातून काढू नका. तुम्हाला माहिती नाही तो कोण आहे ते. गावात कुणालाही विचारा. मला लोक तोफ म्हणतात, तोंडावर नाही म्हणत, पण म्हणतात. त्याला गरीब गाय म्हणतात. आजवर कुणाला अरे ला का रे केलेलं नाही त्याने. बापाच्या मागे हा गोठा आम्ही दोघांनी उभा केलाय, डावी ओळ माझी, उजवी त्याची. आणि तुम्ही इथे येऊन हात काय पुढे करता, त्याच्यावर आळ काय घेता!"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही. गाईंनी काय केलं तेवढंच लिहिलंय." बाईने कागद तिच्यापुढे धरला. ताईने तो पाहिला नाही. "पुढच्या महिन्यात परत येईन. तोवर शिक्का आहे तसा राहील."

"आणि परत असंच निघालं तर?"

"तर थांबवावा लागेल. मला त्यात आनंद नाही ताई."

गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ताईला धीर निघाला नाही. तिने शिक्क्याच्या कचेरीत फोन लावला. तुमच्या माणसाविरुद्ध तक्रार करायची आहे, असं पहिल्याच वाक्यात सांगितलं. पलीकडच्याने शांतपणे नंबर लिहून घेतला. तक्रार नोंदवणारे साहेब बाहेर गेले आहेत, संध्याकाळी तेच फोन करतील, म्हणाला. ताईला ते बरंच वाटलं. तोवर पुरावा जमवता येईल. कचेरीतल्यांच्या उपायाने कचेरीतल्यांचेच दात घशात घालायचे.

ती गोठ्यात आली, हात पुढे केला आणि उजव्या ओळीत शिरली. पहिली गाय जागची हलली नाही. दुसरीने हात चाटला. म्हातारीने तर आपलं जड डोकं तिच्या पंजात टेकवलं आणि डोळे मिटले.

"बघा म्हणावं!" ताई मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. "आता कुठे गेली भीती?"

तिला हसू फुटलं. धाकटा भाऊ दूध घालून परत आला की त्यालाही हे करून दाखवायचं, असं तिने ठरवलं. सकाळी बादली आपटून ठेवली म्हणून तिने त्याला शेजाऱ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. तो नेहमीसारखा "चुकलं ताई" म्हणून खाली मान घालून दूध काढायला निघून गेला होता. आज जरा गोड बोलावं त्याच्याशी.

वारा सुटला होता आणि गव्हाण धुवायची राहिली होती. खुंटीवर धाकट्याचा दूध काढायचा कोट लटकत होता, तपकिरी, गुडघ्यापर्यंतचा. तिने तो अंगात चढवला, टोपी डोक्यावर ओढली, नळी उचलली आणि परत ओळीत आली.

साखळ्या वाजल्या. एक, मग दुसरी, मग ओळभर. आत्ताच जिने हात चाटला होता ती गाय अंग चोरून मागे गेली. ताईने नळी खाली टाकली. तिला वाटलं नळीला भ्यायल्या असतील. ती रिकाम्या हाताने म्हातारीकडे गेली.

"अगं मी आहे," ती म्हणाली. "मी गं."

म्हातारी साखळी ताठ करून उभी होती आणि तिची कातडी थरथरत होती.

ताई तिथेच थांबली. बोटं गार पडली म्हणून तिने हात कोटाच्या खिशात घातला. आत काहीतरी जाड, गुळगुळीत लागलं. दूधयंत्राच्या रबरी नळीचा हातभर तुकडा, दुमडून ठेवलेला, एका टोकाला धरून धरून चकाकी आलेली. यंत्राची नळी बदलली तेव्हा उरलेला हाच तुकडा नळाला लावायला तिने सगळीकडे शोधला होता. धाकट्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "मला काय माहीत ताई."

ती गव्हाणीच्या कठड्यावर बसली. रबराने मारलं तर गाईच्या अंगावर वळ उठत नाही, हे तिला ठाऊक होतं. सकाळची बादली आठवली. चुकलं ताई म्हणून तो सरळ इथेच आला होता, या ओळीत. त्याआधी चाऱ्याच्या हिशेबावरून ती बोलली होती. त्याआधी त्याच्या सासऱ्याने चारचौघांत त्याची टर उडवली होती आणि तो हसला होता. ते सगळं गिळलेलं कुठे जात होतं, हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

मग तिला संताप आला, असा की दुपारचा संताप त्यापुढे काहीच नव्हता. बोलता येत नाही अशा जनावराला मारायचं, आणि जगात गरीब गाय म्हणून मिरवायचं!

त्याच रागात तिला एक सोपी वाटही दिसली. आपलेच दात, आपलेच ओठ. तुकडा मोरीत फेकावा, कोट जाळावा, त्याला घरातल्या घरात झोडून काढावं. महिना हातात आहे. उजवी ओळ आपण घ्यावी, गाईंना पेंड घालून चुचकारावं. पुढच्या वेळी त्या बाईचा हात चाटतील. शिक्का राहील, दुकान राहील, भाऊ राहील. कुणाला काही कळायचं नाही. दुकानातली ती तान्ह्याची आई बाटली उचलेल आणि पुढचं काही न वाचता पिशवीत टाकेल.

ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि ताईने खिशातला तुकडा घट्ट धरला.

धाकटा आला तेव्हा संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. तो रिकामी खुंटी बघून वळला.

"ताई, माझा कोट?"

तिने तो अंगातून काढला आणि त्याच्यापुढे धरला. "घाल. आणि हात पुढे करून म्हातारीकडे चालत जा."

"का?"

"जा म्हणते ना."

त्याने एक बाही चढवली. ओळीत साखळ्या वाजल्या. तो थांबला. ताईच्या हातातला रबरी तुकडा त्याला तेव्हा दिसला. त्याने म्हातारीकडे पाहिलं नाही. एक पाऊल मागे सरकला, मग आणखी एक, पाठ दाराला लागेपर्यंत.

"ताई," तो हळूच म्हणाला, "कुणाला कळणार आहे?"

मघाशी मनात आलेलं स्वतःचंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकताना ताईला शिसारी आली.

फोन वाजला. तिने तो तिथेच, त्याच्यासमोर उचलला.

"दुपारी तुमचा फोन आला होता," साहेब म्हणाले. "तपासणीच्या बाईंबद्दल तक्रार आहे ना तुमची?"

"तक्रार आहे. बाईंबद्दल नाही. गोठ्याबद्दल आहे."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

"अहो, पण दुपारी तर तुम्ही..."

"दुपारी मला माहीत नव्हतं. लिहून घेताय ना?"

"ताई, नको," धाकटा म्हणाला. त्याची एक बाही अजून लोंबत होती.

तिने गोठ्याचं नाव सांगितलं, मग स्वतःचं सांगितलं, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा भावाचंही सांगितलं, त्याच्याकडे बघत, एकेक अक्षर सुटं करून.