आखाजीला घरी

“आखाजी परवावर उनी अन् तुम्ही बॅग भरी राहिनात?” मी पोळपाटावर लाटणं आपटलं.

“नियम शे ना, गायत्रीनी माय,” गायत्रीचे बाबा मान वर न करता म्हणाले.

जळो तो नियम! आमचे हे माग दुरुस्त करणारे फिटर. लिंबायतच्या कारखान्यांत हात बसला, मग नेपाळात वीरगंजच्या एका मिलवाल्यानं बोलावून घेतलं. तेव्हापासून अर्धं वर्ष तिकडे, अर्धं इथे गोडादऱ्यात. तिकडे पगारातूनच कर कापून घेतात. कुठल्याशा जोडीदारानं यांच्या डोक्यात भरवलं, की अर्ध्याहून जास्त वर्ष देशाबाहेर काढलं नाही तर इकडचं सरकारही तोच पगार पुन्हा कापणार. आणि सरकारचं वर्ष एप्रिलला लागतं. झालं! “आधी सरकारचं, मग घरचं,” म्हणत हे दर एप्रिलला सरहद्दीवरच्या रक्सौलची गाडी धरणार, ते दसरा उलटल्यावर उगवणार. दिवाळी मिळाली, संक्रांत मिळाली, आखाजी एकदासुद्धा नाही.

आता आम्हा खान्देशी माणसांना आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, किती मोठी, ते सांगायला हवं का? लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. आमची गायत्री लहानपणी शेजारच्या रामदासभाऊंनी बांधलेल्या झोक्यावर बसायची आणि घरी येऊन विचारायची, “बाबा कधी बांधतील?” यंदा तिचं लग्न झालं, कामरेजला दिली. सासरहून पहिल्या आखाजीला येणार होती. फोनवर म्हणाली, “आई, बाबांना म्हणावं, या वेळी झोका तुम्हीच बांधा.” गाडीला जागा मिळाली नव्हती म्हणून तर हे इतके दिवस घरी होते. उद्याचं तिकीट हातात आलं आणि लागले कपडे कोंबायला.

माझं डोकंच फिरलं. लाटणं तसंच हातात घेऊन मी यांना समोर मालतीबाईंच्या घरी नेलं. त्यांची मयुरी कर भरून देणाऱ्या ऑफिसात कामाला आहे. इथेच वाढलेली, अर्धं गुजराती बोलणारी पोरगी चहा पीत बसली होती.

“मयुरी, तुना काकाले समजाड. हाऊ कोणता नियम शे?”

मयुरीनं यांना दोन-चार गोष्टी विचारल्या. पगार किती, तिकडे कर कापल्याचा दाखला मिळतो का. मग कपाळावर हात मारला.

“अरे काका! इकडे जास्त राहिलात, तर तिकडचा पगार इकडे दाखवायचा, बस. तिकडे भरलेला कर इकडे वजा मिळतो. दोन देशांचा करार छे ने! आणि तुमच्या पगारावर तर इकडे काही भरायलाच लागत नाही. दाखला आणून द्या, बाकी हुं करी दईश.”

“अन् मागं? पोर लहान होती तवा?” यांनी विचारलं.

“तेव्हापण काका. दाखवायचं होतं. पळायचं नव्हतं.”

मला रडू येत होतं आणि लाटणंही हाताशी होतं. इतकी वर्षं! आणि मी गल्लीभर मिरवत होते, आमचे हे कायद्याचे पक्के म्हणून! पण यांचा चेहरा पाहिला आणि राग कुठल्या कुठे गेला. चोरी न करता पकडल्यासारखे उभे होते बिचारे.

“माझंच चुकलं,” हे हळूच म्हणाले. आणि मग एकदम हसायलाच लागले. “उषा, मी राहू शकतो!” लग्नानंतर पहिल्यांदा चारचौघांत माझं नाव घेतलं. मालतीबाईंनी पदर तोंडाला लावला. मी लाजून लाटणं पाठीमागे लपवलं.

तिथूनच यांनी मिलवाल्याला फोन लावला. “शेठजी, बेटी आ रही है. त्योहार करके आऊंगा.” शेठ बरंच काही बोलले असावेत. हे ऐकत होते आणि मान डोलवत हसत होते.

मग काय विचारता! बॅग पलंगाखाली गेली. बाजारातून जाड दोर आला, फळी आली. ओट्यावरच्या लोखंडी गर्डरच्या कडीला दोर बांधायला यांनी अख्खी सकाळ घातली. गाठ मारायची, लोंबकळून बघायचं, सोडायची, पुन्हा मारायची. फळी तासली, वर जुनी गोधडी शिवून घेतली. कडी कुरकुरते म्हणून मागाच्या तेलाची बुधली आणून तिला तेल पाजलं. मी आत मांडे करत होते. मध्येच डोकावून म्हणाले, “गायत्री उनी का?” मी म्हटलं, “येईल हो, नवरदेवाची वाट बघतात तसं काय बघता!”

गायत्री आली. रिक्षातून उतरली, बाबांना ओट्यावर पाहिलं आणि पिशवी रस्त्यातच टाकून धावली. गल्लीतल्या बाया गाणी म्हणायला जमल्याच होत्या. “बस वं बेटा,” हे म्हणाले आणि दोन्ही हातांनी झोका धरून उभे राहिले.

ती बसली, तर गुडघे हनुवटीजवळ आले आणि पाय फरशीला टेकले. बाया खो खो हसल्या. मागाचा दोरा नजरेनं मापणारा माणूस! झोका बांधला होता तो इवल्या पोरीच्या मापाचा.

“थांब, वर घेस मी,” हे घाईनं गाठीकडे वळले.

“राहू द्या बाबा.” गायत्रीनं पाय उचलून मांडी घातली, पदर खोचला. “आता द्या झोका. जोरात.”