लिंबूसामीचा उतारा

“सकाळी आठ, रात्री आठ. घराला आग लागली तरी गोळी आधी, बादली मग. आणि दाब दोन दिवस दीडशेच्या वर राहिला, तर नवस बोलत बसायचं नाही वडिवुअक्का, चेन्नईची बस धरायची. कबूल?”

चेन्नईच्या हॉस्पिटलातल्या एस्तर सिस्टरला वडिवुने देवीची शपथ घेऊन ‘कबूल’ म्हटलं, त्याला चौदा महिने झाले. कदिरेसनच्या, तिच्या नवऱ्याच्या, छातीत दुसऱ्या कुणाचं तरी हृदय धडधडू लागलं, तेव्हाची ही गोष्ट.

आता त्याचा रक्तदाब तीन आठवडे एकशे सत्तरवर होता, आणि वडिवु चेन्नईला न जाता पुदुक्कोट्टैबाहेरच्या माळावर लिंबूसामी नावाच्या बाबाच्या मांडवात बसली होती. ती थकली होती, दुसरं काही नाही. पाणी उकळा, भांडी उकळा, सांबार अळणी करा. त्यात नवरा लग्नाचा आचारी, हजार पानांच्या रस्समचं मीठ नुसत्या वासावर सांगणारा. पानावर बसला की एवढंच म्हणायचा, “वाढ, औषधच आहे ते.”

शुक्रवारचे सकाळी सात वाजले होते. मांडवात दोनशे माणसं.

“परक्या घरी आलेली सून रुसते की नाही?” सामी विचारत होता. माना डोलल्या. “हे हृदयही रुसलंय. रुसवा अंगात चढतो, डॉक्टर त्याला दाब म्हणतात. आणि त्यांचीच गोळी तो वाढवते. विचारा, नाही म्हणतात का ते.”

डॉक्टर नाही म्हणत नव्हतेच. सिस्टरने आधीच सांगितलं होतं : शरीर परक्या हृदयावर तुटून पडतं, ही गोळी त्याला आवरते. तिच्यापायी दाब चढतो, म्हणून दाबाची गोळी वेगळी. सामीने यातलं अर्धंच उचललं होतं, आणि अर्ध्या खऱ्याला उत्तर देणं फार जड जातं.

मागचे दोन शुक्रवार सामीने कदिरेसनच्या डाव्या काखेत मंतरलेलं लिंबू दिलं होतं. “दाबून धर, देवी निसटेल.” त्याच दंडाला चेल्याने दाब मोजायचं यंत्र लावलं. एकशे सत्तरचे एकशे बारा. बायकांनी तोंडाने मंगलनाद केला होता. आज तिसरा शुक्रवार. आठ वाजता चेन्नईच्या सगळ्या गोळ्या होमात जायच्या होत्या.

पण वडिवु अकरा वर्षं दर शुक्रवारी निरंकार उपास करून मारियम्मनला एकवीस लिंबांची माळ ओवत आली होती. लिंबू तिच्या बोटांना कळायचं. देवीला पिवळं, रसाळ लागतं. सामीच्या टोपलीतली मात्र हिरवी, दगडासारखी. ते तिला खुपत होतं. काल तसलंच एक तिने स्वतःच्या काखेत दाबून पाहिलं, तर मनगटाची नाडीच हाताला लागेना.

“सामी, आज देवीच्या माळेतलं लिंबू चालेल?” तिने हळूच विचारलं.

दोनशे माणसांदेखत देवीच्या लिंबाला नाही कसं म्हणणार? “दे, अम्मा.”

कदिरेसनने काख आवळली. लिंबू फुटलं, रस कमरेपर्यंत उतरला. यंत्र म्हणालं, एकशे अडुसष्ट.

“घट्ट धरलं नाहीस,” सामी गुरकावला.

“धरलं सामी. मीठ असतं तर लोणचंच पडलं असतं,” कदिरेसन म्हणाला. मागे कुणीतरी हसलं.

“आता तुमचं द्या,” वडिवु म्हणाली, “डाव्याच काखेत. पण यंत्र आधी उजव्या दंडाला लावा.”

चेला घुटमळला, तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पोस्टमननेच पट्टा बांधला. उजवा : एकशे सहासष्ट. डावा : एकशे दहा.

“एका माणसाला दोन दाब?” पोस्टमनने चष्मा पुसला.

“पाइपवर पाय दिला की पुढची धार मंदावते, अण्णा. टाकीतलं पाणी तेवढंच असतं. टणक लिंबाने काखेतली रक्ताची नळी दबते. दाब उतरत नाही, फक्त यंत्रापर्यंत पोचत नाही.”

“श्रद्धा नाही तुझी,” सामी म्हणाला.

“आहे, सामी. म्हणूनच वाटतं, देवीला उतरवायचा असता तर दोन्ही हातांचा उतरवला असता.”

सामीने डोळे मिटून घेतले. लोक टोपलीतली लिंबं दाबून पाहू लागले.

गोळ्या होमात गेल्या असत्या, तर दाब पुढे खरोखरच उतरला असता. चितेवर सगळ्यांचाच उतरतो. बायांनो, नवस बोला, त्याने मनाला बळ येतं. पण औषध सोडा असं सांगणाऱ्यापुढे हात जोडण्याआधी, तो यंत्राच्या वाटेत काय ठेवतो ते एकदा बघा. देवीला आपल्या बघण्याचा राग येत नाही.

मांडवाबाहेर चिंचेखाली कदिरेसन खाली बसला. “म्हणजे जन्मभर अळणी.”

“हो.”

“आणि गोळ्याही.”

“हो. मीही दमले आहे हो.”

त्याने तळहात पुढे केला. आठ वाजत होते. तिने उकळलेल्या पाण्याची बाटली उघडली, गोळी दिली, तो गिळेपर्यंत थांबली. मग रिपोर्टांची पिशवी खांद्याला लावली आणि चेन्नईच्या बसथांब्याकडे चालू लागली. तो उठून तिच्यामागे निघाला.