कापलेल्या पराची मादी

मोरिझो पोचला तेव्हा जेमतेम उजाडत होतं. तरी नदीच्या मुखाशी चाळीस-पन्नास माणसं समुद्रात गळ टाकून खांद्याला खांदा लावून उभी होती. नूडल्सचं दुकान चालवणाऱ्या फुसाएने बादली ठेवून त्याच्यासाठी हातभर जागा अडवली होती.

"या साहेब! मासे कुठं दडवलेत ते तरी सांगा. दोन आठवडे झाले, बादली आणतेय तशीच नेतेय."

"येतील," मोरिझो म्हणाला. त्याच्या आवाजात काही दम नव्हता.

एकतीस वर्षं त्याने याच नदीकाठच्या केंद्रात सॅमनची पिल्लं वाढवली होती. समुद्रातून मासे परतेनासे झाले आणि चार वर्षांपूर्वी केंद्राला कुलूप लागलं. परतल्यावर ओळखू यावीत म्हणून, नदीत सोडण्याआधी शेवटच्या पिल्लांपैकी हजारेकांचा शेपटीजवळचा छोटा पर त्याने स्वतः कातरला होता. चार वर्षांनी सॅमन अंडी घालायला समुद्रातून आपल्या नदीकडे वळतो. म्हणजे याच शरदात.

पलीकडे साप्पोरोहून आलेला निरेइ नावाचा चाळिशीचा माणूस होता. त्याचा गळ तिरका गेला आणि पाच जणांच्या दोऱ्या एकमेकींत अडकल्या.

"अहो, समोर फेका, समोर! मासा तिकडं आहे, आम्ही इकडं!" फुसाए ओरडली. निरेइ वाकून वाकून माफी मागत राहिला.

साडेसहाला मोरिझोच्या गळाची काठी वाकली. शेजाऱ्यांनी भराभर आपापल्या दोऱ्या ओढून घेतल्या. दहा मिनिटांनी मासा वाळूत आला. पोट गच्च भरलेली मादी होती. मोरिझोने तिला वळवलं. शेपटीजवळ पर नव्हता, नुसता गुळगुळीत वण होता.

"मारा ना लवकर! बघत काय बसलाय?" फुसाए म्हणाली.

त्याने गळ सोडवला, मासळी दोन्ही हातांवर घेतली आणि नदीच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात जाऊन सोडून दिली.

"वेड लागलंय का म्हाताऱ्याला!" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

मोरिझोने मागे पाहिलं नाही. वर दीड किलोमीटरवर केंद्राचा बांध होता, आणि त्याची दारं बंद होती. तिथवर गेली तरी ती बांधाच्या भिंतीला धडका देत मरणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्याने सोडली. मादी प्रवाहात थोडी चढली, थबकली, आणि उथळ पाण्याला कंटाळल्यासारखी वळून पुन्हा समुद्रात आली.

पाच मिनिटांत निरेइची काठी वाकली.

"काका, ही तुमचीच ना?" त्याने ओशाळून मासळी पुढे केली. "घ्या तुम्ही."

वण तोच होता. मोरिझोने नकारार्थी मान हलवली. "तुमच्या गळाला लागली. तुमचीच."

सकाळभरात रांगेत दुसरा मासा लागला नाही. आठच्या सुमाराला लोक पांगू लागले. निरेइने भीतभीत विचारलं, "अंडी कशी काढायची? मला येत नाही हो."

मोरिझो त्याच्याशेजारी वाळूत बसला.

"सुरी खोल घालायची नाही. असं वरवर. आता अंड्यांची पिशवी सबंध उचला, ओढू नका. घरी गेल्यावर कोमट पाण्यात मीठ घाला आणि बोटांनी अंडी हळूहळू सुटी करा. घाई केली की फुटतात."

"किती असतील हो?"

"तीन हजार," मोरिझो म्हणाला, आणि हात धुवायला पाण्याकडे गेला.