विहिरीत पडलेलं कोकरू

या मंडळी, जवळ सरकून बसा, एका कोकराची गोष्ट सांगतो. चौऱ्याहत्तर साली पाटसच्या तंबूत मोठ्या सिनेमाआधी हलत्या चित्रांची गंमत दाखवत. लांडग्याच्या खोड्या काढणारं कोकरू धपकन विहिरीत पडलं आन् नेमकी तिथंच फीत तुटली. लोक हसले. मेंढपाळ गेणबा मात्र काठी घेऊन पडद्यामागं शोधून आला. कळपातलं एक जरी जित्राब मागं राहिलं, तरी त्याला घास उतरत नसे.

“आबा, चित्र हाय ते!” मशीनवाला चांगदेव म्हणाला.

“असू दे की. पर वर आलं का?”

चांगदेवानं फीत जोडून पुन्हा लावली. कोकरू लांडग्याच्याच डोक्यावर बसून वर आलं! गेणबानं तिथंच भाकरीचं फडकं सोडलं.

हरिनाम घ्याल तवा त्या चांगदेवाचीही आठवण ठेवा.