पत्र्याच्या बेडकाचा नववा पिळा

१२ फेब्रुवारी. सकाळी दाट धुकं, दहानंतर स्वच्छ ऊन.

मी बोलतोय, बालवर्गाच्या कपाटातला पत्र्याचा हिरवा बेडूक. पोटात स्प्रिंग, पाठीवर चावी. कारखान्यातून निघालो तो थेट या बाईंच्या टेबलावर आलो. ‘शक्ती कशी साठते’ हा त्यांचा धडा नऊ वर्षं मी एकट्याने चालवला. एकेक मूल चावीला एकेक पिळा देई. सात झाले की मी ‘कर्र’ करायचो. बाई म्हणायच्या, “पुरे, पोट भरलं त्याचं!” मग मी टुणटुण उड्या मारत सुटायचो.

गेल्या सोमवारी ती लाल गाडी आली. सेलवर चालणारी. दिवे काय, भोंगा काय! मुलं तिच्यामागे वेडी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात आज सकाळी मावशी झाडता झाडता म्हणाल्या, “बाई, हा बेडूक भंगारात देऊ का? कपाटात जागाच नाही.”

“आजचा धडा होऊ दे, मग बघू.”

म्हणजे आज माझा निकाल.

बाईंनी आधी गाडी घेतली. “हिच्या सेलमध्ये शक्ती साठवलेली आहे.”

“दिसत नाही की!” ठमी म्हणाली.

“आत असते गं ती.”

“मग आहे कशावरून?”

बाईंनी झाकण उघडून सेल दाखवले, तरी शक्ती काही दिसेना. मी मनातून खूश! मग त्यांनी मला मुलांच्या हाती दिलं आणि स्वतः गाडीच्या सेलचं झाकण लावत बसल्या.

सात पिळे झाले. ‘कर्र’ करायची वेळ आली, पण समोर ती गाडी चकाकत उभी. मला तिच्याहून लांब जायचं होतं. मी दात आवळून गप्प राहिलो. आठवा. नववा ठमीचा.

ताड्!

“बाई, मेला तो! मी नाही हं केलं!” ठमी रडकुंडीला आली.

“नाही गं राणी, मीच मोजायला चुकले.” बाईंनी स्क्रू काढून माझं पोट उघडलं. “ही पट्टी बघा. तुम्ही पिळलंत तशी ही घट्ट गुंडाळली गेली. तुमच्या हातातली शक्ती हिच्यात साठली. फार झाली, म्हणून तुटली.”

“हात लावू?”

“हळूच. टोकाला नको.”

मावशींनी हौसेने गाडी सुरू केली. तिने वर्गाला दोन फेऱ्या मारल्या. बावीस मुलांपैकी एकवीस माझ्याभोवती बसून होती.

घंटा झाल्यावर बाईंनी मला वरच्या कप्प्यात ठेवलं, पोट उघडंच. गाडी खालच्या कप्प्यात. गाडीचं खोकं भंगारात गेलं.